पंचविसावा गुरु

भागवताच्या एकादश स्कंधांत यदुराजा व अवधूत यांचा संवाद आहे. ज्यांच्या घरीं एकनाथी भागवताचें वाचन होतें त्या आमच्या वाचकांस तो सांगावयास नको. अवधूतानें आपले चोवीस गुरु तेथें एकामागून एक सांगितले आहेत. पृथ्वीपासून त्यानें क्षमा घेतली, अजगरापासून संतोष घेतला, बाण घडविणाऱ्या कारागिरापासून एकाग्रता घेतली; आणि पिंगला नांवाच्या वेश्येपासूनहि जें शिकण्यासारखें होतें तें शिकण्यास तो लाजला नाहीं. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां हें प्रकरण आम्हीं कितीदां तरी रंगवून सांगितलें असेल. परंतु उतारवयांत या यादीस आपल्या पदरचा पंचविसावा गुरु जोडावा लागेल, आणि तो एक चोर असेल, हें आमच्या स्वप्नांतहि आलें नव्हतें. या गुरूचें मुख आम्हीं पाहिलें नाहीं. पाऊण तास त्याचा आवाज मात्र ऐकला. ती हकीकत लिहावी कीं न लिहावी याचा पुष्कळ दिवस विचार केला. इतरांच्या उपयोगीं पडत असेल तर आपली फजिती झांकून ठेवणें बरें नव्हे, असें ठरवून आज लेखणी हातीं घेतली आहे.

गोष्ट मोबाइलची आहे. तेव्हां त्या यंत्राशीं आमचा संबंध कसा आहे तें आधीं सांगितलें पाहिजे. आपल्या देशांत मोबाइलवरचें पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं झालें. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसू कलकत्त्याहून बोलले, व दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांनीं तें ऐकलें. त्या काळीं आम्हांस परगांवीं फोन करावयाचा असला तर चाकणच्या बाजारांत एसटीडीच्या पिवळ्या पाटीखालीं रांग धरावी लागे, व यंत्रावरील तांबडे आंकडे जसजसे चढत तसतसें बोलणें आवरतें घ्यावें लागे. पुढें मोबाइल आला, तेव्हां प्रथम येणाऱ्या फोनचे पैसेहि ऐकणाऱ्यासच पडत. ती रीत २००३ सालीं गेली आणि येणारा फोन फुकट झाला. हा फुकट फोन आम्हांस केवढ्याला पडला, हें पुढें येईलच.

पूर्वींच्या टेलिफोनास आंकड्यांची तबकडी असे. बोट घालून ती फिरविली कीं परत येतांना कुरकुर करी, आणि आपण कांहीं केलें आहे अशी मनाची खात्री पटे. आजचें यंत्र म्हणजे नुसती गुळगुळीत कांच. ती बोटाचा जोर ओळखीत नाहीं. बोटाच्या स्पर्शानें तिच्यावरील विद्युद्भारांत जो सूक्ष्म फरक पडतो तो ओळखते. वय झालें कीं त्वचा कोरडी पडते, आणि या कांचेच्या लेखीं आमचें बोट लांकडाच्या ढलपीसारखें होतें. आम्ही हळू दाबतों, कांहीं होत नाहीं. जोरानें दाबतों, तरी कांहीं होत नाहीं. कंटाळून तिसऱ्यांदां दाबावें तों तिन्ही दाबण्यांचें फळ एकदम मिळतें, आणि ज्याच्याशीं दहा वर्षें अबोला आहे अशा एखाद्या आप्ताला फोन लागतो.

शिवाय महिना दोन महिन्यांनीं हें यंत्र रात्रींत आपली सुधारणा करून घेतें. सकाळीं पाहावें तों काल उजवीकडे असलेलें बटण डावीकडे गेलेलें असतें. स्वयंपाकघरांतील मिसळणाचा डबा कोणी न सांगतां हलविला तर केवढें महाभारत होतें! येथें मात्र तक्रार करावयास कोणी समोर नसतो. आम्हीं 'श्री' लिहावें तर यंत्र 'श्रीखंड' सुचवितें. मध्येंच इंग्रजींत चार पानें अटी पुढें येतात व खालीं 'मान्य आहे' एवढेंच एक बटण असतें. 'वाचून कळवितों' असें उत्तर देण्याची सोय कोणीं केलेली नाहीं.

अशा वेळीं विचारावें कोणाला? ईश्वरकृपेनें आमचें घर भरलेलें आहे. चिरंजीव येथील औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत पाळीवर जातात. कामाचे तास ठरलेले आहेत, परंतु पुणें-नाशिक रस्त्यावर व तळेगांव चौकांत जे तास जातात ते कोणाच्याच हिशेबांत नाहींत. चाकणास मोटारी भराभर तयार होतात खऱ्या; त्या चालविण्यास जागा उरली नाहीं. असा दमून आलेला मनुष्य पाटावर बसतो न बसतो तों त्याच्यापुढें मोबाइल धरणें आमच्या जिवावर येतें. सूनबाईंना नोकरी व घर या दोन्ही आघाड्या. राहिला नातू. तो कॉलेजांत जातो, आणि या विद्येंत त्याचा हात धरणारा आमच्या आळींत दुसरा नाहीं.

मुलगा गुणी आहे. विचारलें तर कधीं नाहीं म्हणत नाहीं. आम्हीं अडचण सांगावयास आरंभ केला कीं तो म्हणतो, "आजोबा, द्या इकडे." द्या म्हणतां म्हणतां यंत्र त्याच्या हातांत गेलेलें असतें. त्याचीं बोटें त्या कांचेवरून अशीं धांवतात कीं पाहणाऱ्यास नुसता भास व्हावा. आमचें वाक्य पुरें होण्यापूर्वींच "झालं!" असें म्हणून तो यंत्र परत देतो. काम झालेलें असतें. परंतु कसें झालें तें आमच्या पदरांत कांहींच पडलेलें नसतें. चार दिवसांनीं तीच अडचण पुन्हां आली व आम्हीं पुन्हां विचारलें तर म्हणतो, "आजोबा, परवाच दाखवलं ना?" दाखविलें होतें खरें, शिकविलें नव्हतें. असें पांचसात वेळां झाल्यावर आम्हीं विचारणें सोडलें. रागानें नव्हे, संकोचानें. ज्यानें जन्मभर दुसऱ्यांना शिकविलें त्याला आपण मंदबुद्धीच्या बांकावर बसलों आहों असें वाटूं लागलें म्हणजे तो गप्प बसणें पत्करतो.

निवृत्तिवेतन घेणाऱ्यांस नोव्हेंबर महिना महत्त्वाचा असतो. आपण जिवंत आहों असा दाखला त्या महिन्यांत द्यावा लागतो. आम्ही इतकीं वर्षें बँकेंत जाऊन यादीवर सही करीत आलों. त्या निमित्तानें जुने सहकारी भेटत. कोणाच्या नांवापुढें सही व्हावयाची नाहीं, हेंहि तेथेंच कळे. १० नोव्हेंबर २०१४ रोजीं केंद्र सरकारनें 'जीवन प्रमाण' ही योजना काढली. तींत प्रथम अंगठ्याचा ठसा किंवा डोळ्याचें बुबुळ यंत्रास दाखवावें लागे. म्हातारपणीं अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळें पुष्कळांची अडचण होई. २०२१ पासून मोबाइलसमोर चेहरा धरूनहि हा दाखला देतां येऊं लागला. योजना चांगली आहे. अंथरुणास खिळलेल्या मनुष्यास तर ती वरदानच होय. यंदां आपणहि घरबसल्या दाखला द्यावा असें आमच्या मनांत होतें. परंतु त्यासाठीं नातवाला विचारावें लागणार, म्हणून तें आज-उद्यां करीत लांबत गेलें.

त्याच आठवड्यांत एके दिवशीं दुपारीं फोन आला. घरांत सामसूम होती. सौभाग्यवतीचा डोळा लागला होता. "गुरुजी, नमस्कार करतो. पेन्शन ऑफिसमधून बोलतोय." स्वर तरुण व नम्र. त्यानें आमचें पूर्ण नांव सांगितलें, निवृत्तीचें वर्ष सांगितलें, व आमच्या हयातीची नोंद झालेली नसल्यामुळें पुढील महिन्यापासून वेतन थांबेल असें मोठ्या काळजीच्या स्वरांत कळविलें. आम्ही घाबरलों. तो म्हणाला, "काही अवघड नाही, गुरुजी. मी सांगतो, तुम्ही करा. आपण दोघं मिळून करून टाकू." त्यानें एक फाइल धाडली. ती उघडतांना आमच्या यंत्रानें इंग्रजींत धोक्याची सूचना दिली. "हो, असं येतं. घाबरू नका. खाली उजव्या कोपऱ्यात बघा." आम्हीं चुकीच्या ठिकाणीं दाबलें. "काही हरकत नाही, मागं या." पुन्हां चुकलों. "सावकाश, गुरुजी. चष्मा लावायचा तर लावून या, मी थांबतो."

सांगावयास लाज वाटते. परंतु लिहावयास बसलोंच आहों तर खरें तें लिहिलें पाहिजे. त्या पाऊण तासांत आम्हांस फार बरें वाटत होतें. कितीतरी दिवसांनीं कोणी आमच्या हातांतलें यंत्र न काढून घेतां आमच्याकडूनच तें काम करवून घेत होतें. आमचें बोट बरोबर ठिकाणीं पडलें कीं तो "शाबास" म्हणे, आणि आम्ही मनांतल्या मनांत फुलत होतों. आधार क्रमांक, बँकेचें खातें, कार्डावरचे अंक, सर्व कांहीं आम्हीं त्याच्या सांगण्याबरहुकूम सुवाच्य भरलें. त्या फाइलीबरोबर जें कांहीं आमच्या यंत्रांत शिरलें होतें तें आम्हांस येणारे बँकेचे संदेश परभारें त्याच्याकडे पोंचवीत होतें, हें मागाहून कळलें.

आमच्या चाकणचा संग्रामदुर्ग १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यांनीं शाइस्तेखानाच्या अफाट सैन्यापुढें जवळजवळ दोन महिने झुंजविला, हें आम्ही वर्गांत मुलांना अभिमानानें सांगत असूं. तो किल्ला घेण्यास मोंगलांना भुयार खणून बुरूज उडवावा लागला. आमचा किल्ला घेण्यास सुरुंग लागला नाहीं. 'गुरुजी' एवढी हांक पुरली, आणि किल्लेदारानें आपल्या हातानें दिंडी उघडली.

दुसऱ्या दिवशीं दूधवाल्याचे पैसे चुकते करूं गेलों तों खात्यांत शिल्लक नाहीं. तीन वेळां मिळून ४८,००० रुपये गेले होते. त्या क्षणीं आम्हीं घरांत हांक मारावयास पाहिजे होती. आम्हीं मारली नाहीं. दोन दिवस आम्ही जेवणावर बसून उठलों, विचारलें तर पित्ताचें निमित्त सांगितलें. 'एवढें शिकलेले, आणि...' हें वाक्य कोणीं उच्चारलें नव्हतें, तरी तें आम्हांस प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतें. तिसऱ्या रात्रीं सौभाग्यवतीजवळ बोललों. ती एक शब्द बोलली नाहीं. उठली, आणि चिरंजीवांच्या खोलीचें दार तिनें वाजविलें.

चिरंजीवांनीं तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन केला. अशा फसवणुकीची तक्रार घेण्यासाठीं हा क्रमांक सबंध देशांत चालतो, हें आमच्या वाचकांनीं भिंतीवरच्या कालनिर्णयावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावें. चोरलेला पैसा एका खात्यांतून दुसऱ्या, दुसऱ्यांतून तिसऱ्या खात्यांत कांहीं तासांत फिरतो. तो वाटेंत असतांना तक्रार पोंचली तर बँका तो रोखून धरूं शकतात. एकदां तो बाहेर काढला गेला म्हणजे मागें केवळ कागद उरतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकांतहि असेंच तत्त्व आहे कीं, ग्राहकानें आपल्या चुकीनें गुप्त अंक दुसऱ्यास दिले तर बँकेला कळवीपर्यंतचें नुकसान त्याचें, कळविल्यानंतरचें बँकेचें. म्हणजे कळविण्याच्या घटकेलाच सारें महत्त्व. आमचे दोन दिवस लाजेंत गेले, आणि पैसेहि लाजेच्याच वाटेनें गेले. हें लिहीपर्यंत त्यांतला एक रुपया परत आलेला नाहीं.

घरांत कोणीं आम्हांस दोष दिला नाहीं. नातू मात्र फार कळवळून म्हणाला, "आजोबा, मला का नाही विचारलंत? मी घरातच होतो ना!" आम्हांस उत्तर सुचेना. तें सौभाग्यवतीनें दिलें. ती म्हणाली, "बाळा, तुला विचारलं असतं तर तू फोन काढून घेतला असतास. तो मेला निदान थांबला तरी."

मुलगा खालीं मान घालून बसला. त्याचा तसा काय अपराध? त्याला आमचें काम लौकर व्हावें असेंच वाटत होतें. पण आमच्याहि मनांत त्या वाक्यानें जें काहूर उठलें तें निराळ्याच कारणानें उठलें होतें, आणि तें कारण दुसऱ्या दिवशीं बाजारपेठेंत आमच्यापुढें उभें राहिलें.

यंत्रांतील ती घाण काढून टाकण्यासाठीं आम्ही मोबाइल-दुरुस्तीच्या एका दुकानांत गेलों. दुकानदार आमचाच जुना विद्यार्थी निघाला. गल्ल्यावरून उठून त्यानें नमस्कार केला, खुर्ची दिली, आणि सर्व ऐकून घेतल्यावर आपले दोन्ही हात पाठीमागें बांधून तो आमच्या शेजारीं उभा राहिला. "तुम्हीच दाबा, गुरुजी. मी नुसतं सांगतो." आम्हीं कारण विचारलें. तो हंसून म्हणाला, "माझ्याकडं म्हातारी माणसं खूप येतात. मी करून दिलं की दुसऱ्या दिवशी तीच माणसं परत दारात. त्यांच्या हातानं झालं की पुन्हा येत नाहीत. धंद्याला नुकसान आहे, पण काय करणार!"

त्याचें बोलणें चाललें असतां आम्हांस तीस वर्षांपूर्वींचा एक वर्ग दिसूं लागला. हाच मुलगा फळ्याजवळ उभा आहे. 'महर्षि' या शब्दाचा संधि सोडवावयाचा आहे. 'महा' एवढें लिहून त्याचा हात थांबला आहे. आम्हीं दोन क्षण वाट पाहिली. मग पुढें होऊन त्याच्या बोटांतला खडू काढून घेतला, 'ऋषि' लिहिलें, आणि म्हणालों, "झालं! बस जागेवर." तो बसला. त्यानंतर त्यानें वर्गांत हात वर केल्याचें आम्हांस आठवत नाहीं. तो एकटाच होता काय? तास पन्नास मिनिटांचा नव्हता. अभ्यासक्रम पुरा करावयाचा असे, तपासनीस यावयाचे असत, वर्गांत साठ मुलें असत. सबबी आमच्याजवळ नातवाहून अधिक होत्या. परंतु हातांतला खडू गेल्यावर मुलाच्या मनांत काय होतें, हें कळण्यास आम्हांस स्वतःच्या हातांतला मोबाइल जावा लागला. त्या दुकानांत आम्ही त्याला तें बोललों. त्याला तो प्रसंग आठवत नव्हता, किंवा आठवत नाहीं असें त्यानें दाखविलें. घरीं परततांना आम्हांस तें यंत्र स्वच्छ करण्याची रीत येत होती.

आतां आमच्या घरांत कांहीं नियम झाले आहेत. वाचकांना रुचले तर त्यांनींहि ते आपल्या घरीं लावावे. शिकवावयाचें असेल तेव्हां यंत्र म्हाताऱ्याच्या हातांत राहील, व शिकविणाऱ्याचे हात पाठीमागें राहतील. तीच गोष्ट चारदां विचारली तरी 'परवाच सांगितलं' हें वाक्य निघणार नाहीं. उलटपक्षीं शिकणाऱ्यानें ती वहींत स्वहस्तें टिपून ठेवावी. कोणाहि अपरिचितानें पाठविलेली फाइल उघडावयाची नाहीं, व बँकेचा संदेशांतून येणारा अंक कोणासहि तोंडानें सांगावयाचा नाहीं, मग तो आपल्याला गुरुजी म्हणो वा देव म्हणो. फोनवरून 'तांतडी आहे' असें ऐकूं आलें कीं फोन खालीं ठेवावयाचा. फोनवरून कोणास अटक करण्याची तरतूद कोणत्याहि कायद्यांत नाहीं. आणि इतकें करूनहि कोणी फसलाच, तर त्यानें त्याच घटकेस घरांत सांगावें, व ऐकणाऱ्यानें आधीं १९३० फिरवावा. बोलावयाचें तें मागाहून. हा शेवटचा नियम सर्वांत कठीण आहे, कारण तो दोहों बाजूंनीं पाळावा लागतो.

अवधूताच्या चोवीस गुरूंपैकीं कोणीं दक्षिणा मागितल्याचें भागवतांत नाहीं. आमच्या गुरूनें ४८,००० घेतले, आणि तेहि न मागतां. त्याची विद्या आम्हांस नको. परंतु शिकविण्याची त्याची रीत, चुकलेल्यास 'हरकत नाही' म्हणण्याची व चष्मा लावून येईपर्यंत थांबण्याची, ही घरांतल्या माणसांजवळ असती तर त्या चोराला आमच्या दारीं कामच उरलें नसतें, हें त्याच्यापासून आम्ही शिकलों.

महिनाअखेरीस हयातीचा दाखला आम्हीं मोबाइलवरूनच दिला. नातू शेजारीं उभा होता, हात पाठीमागें बांधून. आमच्या बोटाला एकेक बटण सांपडेपर्यंत त्या पोराचे खांदे अधीरपणानें हलत होते, पण हात सुटले नाहींत. शेवटीं यंत्रानें डोळ्यांची पापणी मिटून उघडावयास सांगितलें. आम्हीं मिटली, उघडली. क्षणभर कांहीं झालें नाहीं. मग कांचेवर हिरवी खूण उमटली आणि आम्ही जिवंत असल्याचें सरकारदरबारीं मान्य झालें. "झालं," आम्ही म्हणालों. या खेपेस तो शब्द आमच्या तोंडून निघाला होता.